दोन उजव्या बाजू

केस गेले त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. रोज सकाळी उठून वेणी घालायचा मला तसाही कंटाळा होता. मला राग आला तो एका पुठ्ठ्याचा. पण पुठ्ठ्यापर्यंत पोचायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आम्ही कसबा पेठेत राहतो. जुनी इमारत पाडून नवी झाली तेव्हा तळमजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या वाट्याला आल्या, आणि रस्त्याकडची खोली पहिल्या दिवसापासून माझी झाली. तिथे माझं शिलाई मशीन आहे, कापायचं टेबल आहे आणि भिंतीतल्या कपाटात मापांच्या वह्या आहेत. मी ब्लाउज शिवते. फक्त ब्लाउज. ड्रेस, परकर, पडद्याची दुरुस्ती असलं काही घेऊन कोणी आलं तर मी पुढच्या गल्लीतल्या शिंप्याकडे बोट दाखवते. बत्तीस वर्षांत पेठेतल्या किती बायकांच्या छातीला मी टेप लावली याची मोजदाद नाही. कोण बाळंतपणानंतर सुटली, कोण सासुरवासानं वाळली, कोणाच्या पाठीला पोक आलं, सगळं माझ्या वह्यांत आहे. एकीच्या काखेखाली टेप फिरवताना मला गाठ लागली होती आणि तिला दटावून डॉक्टरकडे मीच पाठवली होती. ती आता नातवंडं सांभाळते.

स्वतःचं माप मात्र मी कधी घेतलं नाही. ब्लाउज शिवणारी बाई स्वतःचं माप घेतच नाही. जुना ब्लाउज कापडावर ठेवायचा, भोवती खडू फिरवायचा आणि कापायचं. त्यामुळे माझी गाठ मला लागली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. याचा राग मला अजून येतो आणि तो कोणावर काढावा हे अजून कळलेलं नाही.

ऑपरेशनमध्ये डावी छाती काढली. मग सहा केमो सांगितल्या, दर एकवीस दिवसांनी एक. माझा मुलगा वाघोलीला राहतो, आठव्या मजल्यावर. तो म्हणाला, "आई, पेठेत किती धूळ आणि किती गर्दी. इन्फेक्शन झालं तर काय घ्या? माझ्याकडे चल." त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून नवऱ्याला पेठेतल्या घरी ठेवून मी गेले. सूनही मनापासून करणारी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याविषयी थोडं तिरकं बोलणार आहे.

केमोनंतरचा पहिला आठवडा मी माणसांत नसायची. तोंडाची चव अशी व्हायची की सारखा स्टीलचा चमचा चोखत बसल्यासारखं वाटायचं. कुकरची शिट्टी झाली आणि वरणाचा वास आला की पोट ढवळायचं. दुसऱ्या आठवड्यात तोंडात फोड यायचे. तिसऱ्या आठवड्यात जरा बरी व्हायची, पोळी खायची, गॅलरीत बसायची. तोवर पुढची तारीख यायची.

शरीराचं हे सगळं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मनाचं कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी चारच्या सुमाराला सगळे कामावर असताना, घरात फक्त लिफ्टचा आवाज ऐकू येत असताना मला भीती वाटायला लागायची. छाती धडधडायची, जी आहे ती आणि जी नाही तीसुद्धा. मरणाची भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण तिच्याहून मोठी भीती ही होती की मी आत्ताच या घरातल्या सामानात जमा झाले आहे. एकदा सुनेच्या कुर्त्याची बाजूची शिवण उसवलेली दिसली म्हणून मी सुईदोरा मागितला. "नको आई, टोचेल तुम्हाला," असं म्हणून तिने सुयांचा डबा ओट्यावरच्या सगळ्यात वरच्या कपाटात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी ती भाजी निवडत होती, आणि तिच्या हातातला दुधी बघून मला रडू फुटलं. दुधी! मला दुधी कधी आवडलाही नाही.

भेटायला माणसं यायची. त्यांचं एक विशेष होतं. माझ्यासमोर बसून ती सुनेला विचारायची, "जेवतात का त्या? झोप लागते का त्यांना?" मी तिथेच, हातभर अंतरावर. एकदा मी म्हटलं, "जेवतात त्या. त्यांना विचारलंत तर सांगतीलसुद्धा." तर त्या बाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "चिडचिड होतेच हो या औषधांनी." दुसऱ्या एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज आलंय." ती स्टिरॉइडची सूज होती. मी तसं सांगितलं. मग त्या चहा न घेताच गेल्या आणि सून दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होती.

तिसऱ्या केमोच्या वेळी हॉस्पिटलात एक मुलगी माझ्या खुर्चीशी येऊन बसली. रुग्णांच्या मनाची विचारपूस करणं हे तिचं काम. तिच्याकडे एक फॉर्म होता. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य आणि वर दहा.

"हे तापाचं आहे का?" मी विचारलं.

"नाही काकू. मनाला किती त्रास होतोय त्याचं आहे. गेल्या आठवड्यात तुम्हाला उदास वाटलं का? अजिबात नाही, थोडं, बरंच, का खूप?"

"रागाचा रकाना कुठे आहे?"

तिने फॉर्म उलटसुलट केला. "राग असा वेगळा नाहीये."

"मग तुमचा फॉर्म अपुरा आहे."

मला वाटलं ही आता माझा हात धरून तेजाबद्दल बोलणार. तिने पेनाने समासात लिहिलं, 'राग', आणि मला विचारलं, "किती?"

"दहा."

"कशाचा?"

मग मी बोलत सुटले. सुयांच्या डब्याबद्दल बोलले, दुधीबद्दल बोलले. शेवटी तिने विचारलं की तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतं तेव्हा तुम्ही काय करता. मी म्हटलं, छत बघते. छताचं पीओपी छान आहे. तिने विचारलं, काय करावंसं वाटतं? मी म्हटलं, मशीनवर बसावंसं वाटतं. तिने तेही लिहून घेतलं आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, तिसऱ्या आठवड्यात रक्ताचे रिपोर्ट बघू. ठीक असले तर रोज दोन तास बसा, हात धुवा, बोटात शिवणाचं टोपण घाला आणि डाव्या हाताला सुई टोचू देऊ नका, त्या काखेतल्या गाठी काढल्यात. इतकंच. दोन महिने मी छत बघत पडले होते आणि उत्तर इतकंच होतं.

रिपोर्ट ठीक आले, पण मुलगा ऐकेना. "आई, प्लीज. केवढी रिस्क आहे." मी त्याला सांगितलं की मला पेठेत सोडणार असशील तर सोड, नाहीतर मी रिक्षाने जाईन आणि जाताना रिक्षावाल्याशी भांडेन. त्याने सोडलं.

आणि दारात तो पुठ्ठा होता.

'ब्लाउज शिलाई कायमची बंद आहे. कृपया चौकशी करू नये.' अक्षर माझ्या नवऱ्याचं. सगळा जन्म त्याने कचेरीत सुवाच्य अक्षरात पत्रं लिहिण्यात घालवला, तेच ते ठसठशीत, गोल अक्षर. 'कायमची' या शब्दाखाली त्याने पट्टीने रेघसुद्धा मारली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तो चष्मा पुसायला लागला. "लोक सारखे यायचे गं. कधी सुरू होणार, कधी सुरू होणार. मला सांगवत नव्हतं."

"म्हणून कायमची?"

"तात्पुरती लिहिलं असतं तर परत परत आले असते."

मला त्याची दया यायला हवी होती. ती नंतर आली. त्या वेळी मला एवढंच दिसलं की माझ्याच दारावर, माझ्याच नवऱ्याच्या हातून, माझं तेरावं उरकून टाकलं आहे. मी कात्री घेतली आणि पुठ्ठ्यातला तेवढाच शब्द कापून काढला. रागात होते तरी कापडाची कात्री वापरली नाही. कागदाला लावली की ती बोथट होते. स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेतली. पाटी तशीच लटकत राहिली, मधोमध लांबट भोक पडलेली. 'ब्लाउज शिलाई' आणि 'बंद आहे' यांच्या मधून आमच्या दाराचा हिरवा रंग दिसायला लागला.

मशीनला तेल घातलं, टेबल पुसलं, डोक्याला रुमाल बांधून बसले. कोणी आलं नाही. तीन दिवस कोणी आलं नाही. जिच्या लेकीच्या बारशापासून लग्नापर्यंतचे ब्लाउज मी शिवले ती समोरून पिशवी घेऊन गेली आणि मान वळवून हसली. पिशवीत कापड होतं, मला कळतं. मी हाक मारली तर म्हणाली, "अहो, म्हटलं तुम्हाला कशाला त्रास? तुम्ही आराम करा." आराम हा शब्द मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकला की मला त्याचा वास यायला लागला होता.

चौथ्या दिवशी बाई आल्या. आमच्या पेठेत बाई म्हटलं की एकच. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता ऐंशीच्या घरात आहेत. अर्धी पेठ त्यांना अजून घाबरते. त्या दारात उभ्या राहिल्या, पाटीकडे बघितलं.

"याला भोक का पडलंय?"

"उंदरानं खाल्लं, बाई."

"साक्षर उंदीर दिसतोय. गेल्या आठवड्यापर्यंत तिथे शब्द होता. नेमका तेवढाच खाल्लान." मग त्या आत आल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली. "शिवणार आहेस का? नसशील तर आत्ताच सांग, मी दुसरी बघते. आणि तोंड पाडून बोलणार असशील तर त्याला मला वेळ नाही."

पिशवीत वांगी रंगाची रेशमी साडी होती. जुन्या विद्यार्थिनींनी मिळून घेतलेली. महिन्याअखेरीला त्या शाळेत बाईंचा सत्कार करणार होत्या आणि बाईंनी हीच साडी नेसायची असं ठरलं होतं. ब्लाउजचं कापड साडीच्या विणीतलंच, जरीच्या बारीक बुट्ट्यांचं. तेवढंच. असं कापड बाजारात शोधून मिळत नाही.

तेवढं कापड माझ्याकडे ठेवून बाई साडी परत घेऊन गेल्या. मग मी वही काढली, त्यांचं पान उघडलं. मला सांगायला लाज वाटते, पण मी गुणगुणत होते.

आता हे नीट सांगते. ब्लाउजच्या पुढच्या बाजूचे दोन भाग असतात, उजवा आणि डावा. कापड दुहेरी घडी घालून, सुलट बाजू आत ठेवून कापलं की एकदम दोन्ही निघतात. पण कापड कमी असलं की घडी बसत नाही. मग एकेरीच कापावं लागतं. एक भाग कापायचा, मग कागदाचा नमुना उलटा करायचा आणि दुसरा कापायचा. उलटा करायला विसरलं की दोन्ही भाग एकाच बाजूचे होतात. शिवणक्लासमधल्या पहिल्या महिन्यातल्या मुली ही चूक करतात. मी त्यांना त्यावरून बोलायची.

माझ्या बोटांची टोकं केमोने बधिर झाली होती. कापड हातात आहे का नाही हे बघून ठरवावं लागायचं. डोकंही पूर्वीसारखं चालत नव्हतं. फ्रीज उघडून मी उभी राहायची आणि कशाला आले ते आठवायचं नाही. तरी मी त्या दिवशी सावकाश, दोनदा मोजून कापलं. कापून झाल्यावर दोन्ही भाग शेजारी ठेवले, आणि बघत राहिले. दोन्ही उजवेच. दोन उजव्या बाजू, आणि डावी नाहीच.

मी दाबून, आवाज न करता खूप वेळ रडले. कापडासाठी रडले, हे सगळ्यांना हास्यास्पद वाटेल. छाती काढली तेव्हा मी अशी रडले नव्हते. तेव्हा मला वाटलं होतं, जाऊ दे, हात तर आहेत. आता हातही गेले होते आणि डोकंही. केमो कशासाठी घ्यायची? आणखी किती वर्षं छत बघायला? नवरा चहा घेऊन आला. मी त्याला सांगितलं, "मंगळवारची केमो मी घेणार नाही. चौथी नाही, पाचवी नाही. तो पुठ्ठा नवा लिहा. तुमचाच शब्द बरोबर होता."

त्याने चहा ठेवला आणि खाली बसून टेबलाखालच्या चिंध्या गोळा करायला लागला. बराच वेळ करत राहिला. चिंध्या इतक्या नव्हत्याच.

माझा एक नियम आहे. कापड बिघडलं तर त्याच दिवशी जाऊन सांगायचं. बत्तीस वर्षांत असं चारदा झालं, चारही वेळा गेले. दुकान बंद करायचं तरी नियम मोडून नको, म्हणून ते दोन तुकडे पिशवीत घातले आणि बाईंकडे गेले. दोनच गल्ल्या पलीकडे. वाटेत तीनदा थांबले. डोक्यावर रुमाल, भुवया नाहीत. लोक बघत होते, मी पण त्यांच्याकडे बघत होते.

बाईंनी तुकडे उचलून खिडकीशी धरले. "दोन्ही उजव्या बाजूचे आहेत."

"हो."

"घडी का नाही घातलीस?"

"कापड बसत नव्हतं. नमुना उलटा करायला विसरले." आणि मग सगळं बाहेर पडलं. बोटं बधिर झाली आहेत, लक्षात राहत नाही, हे माझं शेवटचं काम, आता शिवणार नाही, केमोही घेणार नाही. बाईंनी मला मध्ये तोडलं नाही. पाणीही विचारलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तू आजारी आहेस म्हणून मी तुला माफ करावं, असं तुझं म्हणणं आहे."

मला हे अपेक्षित नव्हतं. "नाही," मी म्हटलं. मला राग आला. "माफी कोण मागतंय? मी चूक सांगायला आलेय."

"सांगून झाली. आता माझा ब्लाउज कधी देणार ते सांग."

"अहो बाई, कापडच नाही तर कशाचा देऊ?"

"तू शिवणारीण आहेस का मी?"

मी त्या तुकड्यांकडे बघितलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं आपोआप चालायला लागलं. साडीचं आतलं टोक. आपण साडी नेसतो तेव्हा कमरेला पहिल्यांदा खोचतो ते टोक, कधीच बाहेर दिसत नाही. तिथून हातभर कापड काढायचं आणि त्या जागी साध्या वांगी कापडाची पट्टी जोडायची. एक डावा भाग त्यातून सहज निघतो. मी ते बोलून दाखवलं. बाई आत गेल्या आणि साडी आणून माझ्या मांडीवर टाकली.

"केमो कधी आहे म्हणालीस?"

"मंगळवारी. पण मी—"

"त्यानंतर किती दिवस तू कामाची नसतेस?"

"पंधरा."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, बोटाने दिवस मोजले. "सत्कार तेविसाव्या दिवशी आहे. विसाव्या दिवशी फिटिंगला येते. त्याच्या आत नको, घाईत केलेलं काम मला चालत नाही." मी उठले तेव्हा शिल्लक राहिलेला तो दुसरा उजवा भाग मी त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो परत माझ्या पिशवीत टाकला. "हा तुझ्याकडे ठेव. चूक तुझी आहे, मी का सांभाळू?"

घरी येताना मी एकदाही थांबले नाही. मला कोणी तरी नीट, चारचौघींसारखं रागावलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मंगळवारी मी केमोला गेले. खुर्चीत बसले तेव्हा मनात एकच हिशोब चालला होता, साध्या पट्टीला वांगी रंगाची नेमकी छटा कुठे मिळेल.

ती चौथी केमो सगळ्यांत वाईट गेली, हेही सांगायला हवं. निश्चय केला म्हणून ओकाऱ्या कमी होत नाहीत. पण सतराव्या दिवशी मी मशीनवर होते. सुईत दोरा ओवायचं काम नवऱ्याला दिलं. त्याला एका सुईला सात मिनिटं लागायची आणि तो प्रत्येक वेळी "झालं!" असं ओरडायचा. विसाव्या दिवशी बाई आल्या, ब्लाउज घालून आरशासमोर उभ्या राहिल्या, वळल्या, हात वर करून बघितले.

"गळा अर्धं बोट वर आलाय," त्या म्हणाल्या.

खरंच आला होता. मी तो त्यांच्यासमोर उसवला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

सत्कारानंतर पेठेत बोलबाला झाला आणि गिऱ्हाइकं एकेक करून परत आली. पाटी मी काढली नाही. भोक बघून लोक विचारतात, मी उंदराचं सांगते.

राहता राहिला तो शिल्लक तुकडा. पाचव्या केमोनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी तो टेबलावर पसरला. सुनेने मला छातीच्या जागी बसवायला सिलिकॉनचं एक आणून दिलं होतं, चांगलं, भारीतलं. "कोणाला कळणारसुद्धा नाही, आई." ते घातलं की मला घाम यायचा आणि टाक्यांवर खाज सुटायची. कोणाला कळू नये हे बरोबर, पण कोणासाठी? माझे जुने ब्लाउज डाव्या बाजूला पोकळ लोंबायचे. जुना ब्लाउज ठेवून भोवती खडू फिरवायची सोय आता राहिली नव्हती. मी नवऱ्याला हाक मारली आणि टेप त्याच्या हातात दिली.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्याने टेप कधी धरली नव्हती. मी सांगत गेले, तो मापं घेत गेला आणि त्याच्या त्या गोल अक्षरात वहीच्या कोऱ्या पानावर लिहीत गेला. खांदा. बाही. पाठ. उजवी छाती. मग तो थांबला. त्याचा हात माझ्या टाक्यांपासून वीतभर लांब तसाच राहिला. ऑपरेशननंतर त्याने तिकडे नीट बघितलं नव्हतं, आणि मीही बघू दिलं नव्हतं.

"इथे काय लिहू?" त्याने विचारलं.

"सपाट लिहा."

त्याने टेप लावली, नीट टेकवून. मग लिहिलं, 'डावी छाती, सपाट'. रेघ मारली नाही. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी त्याला म्हटलं की वही ओली करू नका, शाई पसरते.

साध्या वांगी सुती कापडाचा ब्लाउज शिवला. फक्त पुढची डावी बाजू बाईंच्या रेशमाची. तो तुकडा उजव्या बाजूचा, म्हणून डावीकडे बसवायला पालथा करावा लागला. त्यामुळे रेशमाची उलटी बाजू वर आली, जिथे बुट्ट्यांचे जरीचे दोरे एकमेकांत गुंतलेले, सुटे दिसतात. बाई आकाराने मोठ्या, मी लहान. जादा कापड कापून टाकलं. छातीला आकार देणारे टक्स घातलेच नाहीत, तिथे काही उचलून धरायचं नव्हतंच. कुठे सुरकुती नाही, कुठे लोंबणं नाही. अंगाला बसला.

तो घालून मी सहाव्या, शेवटच्या केमोला गेले. पुढे काय होणार हे डॉक्टरांना माहीत नाही, मलाही नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, आणि तपासणीच्या आधी आठ दिवस मी कोणाशी धड बोलत नाही. ते तसंच चालणार. ती फॉर्मवाली मुलगी आली, माझ्याकडे बघितलं आणि समासात स्वतःहून लिहिलं, 'राग'. "आज किती, काकू?"

"दहा," मी म्हटलं. "पण आता तो कामाला लागलाय."

शेजारच्या खुर्चीत एक बाई होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिची पहिलीच केमो. पदर घट्ट ओढून, आत हात धरून बसली होती, जणू कोणी काही हिसकावून नेईल. ती बराच वेळ माझ्या ब्लाउजकडे बघत होती. शेवटी वाकून हळूच म्हणाली, "ताई, राग नका मानू. तुमच्या ब्लाउजची डावी बाजू चुकून उलटी लागलीय."

"चुकून नाही," मी म्हटलं. मी पदर बाजूला केला, सगळ्या वॉर्डाला दिसेल असा. "मापाने शिवलीय. माझी डावी बाजू अशीच आहे."

ती बघत राहिली. मग तिचा हात पदराआडून सैल झाला आणि खाली आला. तिचीही डावीच होती. अंगातला ब्लाउज तिथे पोकळ लोंबत होता, वाईट शिवलेला. मला असं लोंबलेलं बघवत नाही.

माझ्या उजव्या हाताला सलाइन होतं. डाव्या हाताने मी पिशवीतली टेप काढली आणि तिला म्हटलं, "सरळ बस. खांदे पाड. आणि आकडे मी सांगीन तसे लिहून घे, माझ्या लक्षात राहत नाहीत."